टोपीखाली

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी आमच्याकडून वहीभर वाक्प्रचार पाठ करून घेतले. बहुतेक मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरले. एक मात्र राहिला. 'कीप इट अंडर युवर हॅट.' शब्दशः पाहिलं तर, ते तुझ्या टोपीखाली ठेव. अर्थ असा की, ही गोष्ट कुणाला सांगू नकोस.

सर काळी टोपी घालत. त्यांनी ती काढून टेबलावर उपडी ठेवली, खाली खडूचा तुकडा सरकवला आणि विचारलं, "खडू कुठं आहे?"

"टोपीखाली," सगळे ओरडले.

"चुकलं. आम्हाला काय माहीत, असं म्हणायचं."

वर्ग हसला. मग सरांनी वापर सांगितला. हा प्रयोग बहुतेक वेळा आज्ञेसारखा येतो, म्हणाले. बोलणारा स्वतः गप्प बसत नाही. तो समोरच्याला सांगून मोकळा होतो आणि झाकून ठेवायचं काम त्याच्यावर टाकतो.

एका मुलीनं विचारलं, "सर, बायका टोपी घालत नाहीत. त्यांनी कुठं ठेवायचं?"

"त्यांना पदर आहे की. टोपीपेक्षा चांगला मोठा असतो."

मुलगे बाकं बडवून हसले. मीही हसले. त्या वेळी आमच्या घरात डाळीच्या डब्यामागे एक काचेची बाटली लपवलेली होती, आणि तिची राखण माझ्याकडे होती.

आम्ही चिंचवड स्टेशनजवळ पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राहत होतो. पन्नास साल उलटून गेलं होतं, आजूबाजूला कारखाने उभे राहत होते आणि आमच्या रांगेतल्या प्रत्येक खोलीत वेगळ्या जिल्ह्याचं माणूस होतं. वडील साताऱ्याकडून आलेले, फिटर. शेजारच्या काकू नगरकडच्या, विधवा. त्यांचा एकुलता एक मुलगा कारखान्यात लेथ यंत्रावर होता. मी त्याला दादा म्हणायची. आम्ही आलो तेव्हा काकूंनी पहिले आठ दिवस आम्हाला त्यांच्या चुलीवर जेवू घातलं होतं. आई ते विसरली नव्हती आणि काकू तिला विसरू देत नव्हत्या.

दोन खोल्यांमधली भिंत छतापर्यंत नव्हती. वर हातभर जागा मोकळी होती, त्यामुळे तिकडची फोडणीसुद्धा इकडे ऐकू यायची. म्हणूनच दादाला फिट येतात हे रांगेत फक्त आम्हाला माहीत होतं. पहिल्यांदा भांडी पडल्याचा आवाज आला तेव्हा आई आणि मी धावलो. तो जमिनीवर ताठ होऊन झटके देत होता आणि काकू त्याच्या तोंडावर पदर टाकून बसल्या होत्या, कुणी पाहू नये म्हणून. आईनं आधी तो पदर ओढून काढला.

पुण्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. रोज संध्याकाळी एक. "एक दिवसही चुकवायची नाही," असं त्यानं काकूंना तीनदा बजावलं. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं आणि थांबायचं, हेही शिकवलं. आई त्यांच्याबरोबर गेली होती, तिनं ते मला शिकवलं. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षं फिट आली नाही. माणूस कामाला चोख, बोलायला गोड. एका गोळीपुरता आजार होता.

मग त्याच्या लग्नाचं निघालं.

काकू बाटली पदराखालून घेऊन आमच्याकडे आल्या. "पाहुणे येतील. बायका घर बघताना फळ्यांवर हात घालतात. तुझ्याकडं राहू दे."

आई म्हणाली, "आणि लग्न झाल्यावर?"

"सून आली की फळ्या तिच्याच ताब्यात. तिच्या हाताला लागली तर? तुझ्याकडंच राहू दे. पोराचं बस्तान बसू दे, मग सांगूच की."

"कधी?"

"एखादं पोर झालं की."

आईनं बाटली डाळीच्या डब्यामागे सरकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुठं बोललीस तर बघ."

दादा गोळी जवळ बाळगायला तयार नव्हता, कारखान्याच्या फाटकावर झडती व्हायची. ठरलं असं. दादा कामावरून आला की पेपर वाचायला आमच्याकडे यायचा. मी त्याला पाणी द्यायची आणि पाण्याबरोबर गोळी. आईचे हात त्या वेळी पिठात असायचे, म्हणून हे काम माझं.

सरांनी प्रत्येक वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात वापरून आणायला सांगितला होता. मी इंग्रजीत लिहिलं, आमच्या शेजाऱ्याला फिट येतात, आई म्हणते ते टोपीखाली ठेव. आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. एका ठिकाणी तरी खरं लिहून टाकावं, एवढंच मनात होतं.

सरांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं.

"हे खरं आहे का?"

"उदाहरण आहे, सर."

"लग्नाचा आहे का हा शेजारी?"

मी खाली बघितलं. सरांनी वहीवर लाल शाईची बरोबरची खूण केली.

"वाक्य बरोबर आहे. पण पुन्हा असं लिहू नकोस. राजाचं लिहीत जा. राजाची चौकशी करायला कुणी येत नाही."

वही परत देताना ते हसत होते. मला वाटलं, मोठं माणूस आहे, कुणाला तरी सांगेल. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांचं काम इंग्रजी तपासण्याचं होतं आणि ते त्यांनी केलं.

चौकशी महिन्याभरातच आली. गावाकडे सोयरीक जुळवताना पाव्हण्यांत, भावकीत, वरच्या आळीत, खालच्या आळीत विचारता येतं. माणसाच्या तीन पिढ्या कुणाला ना कुणाला माहीत असतात. आमच्या रांगेत कुणालाच कुणाची एक पिढीही माहीत नव्हती. म्हणून मुलीचा बाप यायचा तो सरळ शेजारच्या दाराशी. मुलाची पत्रिका, पगार, फोटो सगळं बाजूला राहायचं आणि शेजारीण काय म्हणते त्यावर लग्न ठरायचं. आणि शेजारणींचा नियम होता, जुळत आलेलं मोडायचं नाही.

चाकणच्या पुढच्या गावातले शेतकरी होते ते. घरचं खाऊनपिऊन सुखी. पांढरा फेटा, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसले.

"बाई, तुमचा शेजार. पोटची पोर द्यायची हाय, म्हून इचारतो. पोरगा पितो का?"

"थेंबसुद्धा नाही," आई म्हणाली.

"पत्ते, तमाशा?"

"नाव नको."

"रागीट?"

"आईला उलट बोललेला ऐकला नाही. आणि भिंत ही अशी आहे बघा, ऐकू आलं असतं."

त्यांनी वर भिंतीकडे बघितलं आणि हसले. मग विचारलं, "तब्येत?"

आई एक क्षण थांबली. मी चहाची कपबशी घेऊन उभी होते, मला तो क्षण मोजता आला.

"दोन वर्षांत कारखान्यात एक खाडा नाही," आई म्हणाली.

हे खरं होतं. आईनं त्यांना एकही खोटं वाक्य सांगितलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय गं पोरी, तुजा दादा कसा हाय?"

"चांगला आहे," मी म्हणाले. साखरेचा डबा डाळीच्या डब्याशेजारी होता. त्यांच्या चहात साखर घालताना माझा हात बाटलीला लागला होता.

ते समाधानानं गेले. जाताना आईला म्हणाले, "तुमी हायसा शेजारी, आता मला घोर न्हाई."

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "सांगायला हवं होतं."

"काय सांगू? काकूंच्या चुलीवर आठ दिवस जेवले आणि त्यांच्या पोराचं लग्न मोडलं, हे सांगू?"

लग्न झालं. वहिनी माझ्याहून दीड वर्षानं मोठी होती. डोक्यावर दोन हंडे घेऊन ताठ चालायची आणि मोठ्यानं हसायची. पहिल्या दिवसापासून मला वन्सं म्हणायला लागली. तिला सगळ्याची चौकशी असायची. भोंगा दोनदा का वाजतो, लेथ म्हणजे काय, मी शाळेत एवढं काय शिकते. इंग्रजीची वही उघडून बघायची आणि म्हणायची, "वन्सं, ही लाल खूण म्हंजी चुकलं का बरूबर?"

"बरोबर."

"मग तुमचं समदंच बरूबर हाय की."

दादा रोज संध्याकाळी आमच्याकडे येत होताच. चार-सहा दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा म्हणाली, "वन्सं, पेपरात एवढं काय अस्तंय वो? आमच्या घरी द्या की. हितंच बसून वाचत्याल."

मी पेपर दिला. तिनं तो दाराबाहेर सतरंजी टाकून तिच्यावर नीट उलगडून ठेवला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. दादा आला, बसला, पेपर वाचला. मग उठला आणि आमच्याकडे आला. मी त्याला गोळी दिली. आमच्या दारातून मला ती दिसत होती. उलगडलेल्या पेपरासमोर बसली होती.

त्यानंतर ती मोठ्यानं हसायची थांबली.

नळावर बायकांना वास यायला वेळ लागत नाही. कडेच्या खोलीतली एक बाई एके दिवशी घागर घासता घासता म्हणाली, "काही माणसांना घरच्या तांब्यातलं पाणी गोड लागत नाही बाई. शेजारच्या पोरीच्या हातचंच लागतं."

वहिनी माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी माझी घागर उचलली आणि घरी आले.

आईला सांगितलं तेव्हा ती पांढरी पडली. माझ्या लग्नाचं बघायचं होतं. ती तडक मागच्या दारानं काकूंकडे गेली. खोलीत बोलण्याची सोय नव्हती, भिंत तशी. दोघी परसात दोरीवरच्या ओल्या लुगड्यांआड उभ्या राहिल्या.

"उद्यापासून त्यानं आमच्याकडं यायचं नाही."

"मग गोळी?"

"तुमची गोळी, तुम्ही द्या."

"सून घरात असते गं! काय सांगू तिला?"

"खरं सांगा."

"खरं सांगायचं तर तूच का नाही सांगितलंस तिच्या बापाला?" काकू म्हणाल्या.

आई आत गेली. बाटली आणून त्यांच्या हातात ठेवली आणि परत आली. काकूंनी ती आपल्या ट्रंकेत, लुगड्यांखाली ठेवून कुलूप लावलं. वहिनी पाण्याला गेली की द्यायची, असा त्यांचा बेत होता. पण वहिनी आता संध्याकाळी पाण्याला जाईना. नवरा घरी आला की ती दारात बसायची, तो आमच्याकडे जातो का हे बघायला. तिच्यादेखत ट्रंक उघडून गोळी देता येईना. पहिल्या दिवशी गोळी चुकली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चुकली. पलीकडून भिंतीला लागून काकू देवाला हळू आवाजात म्हणत होत्या, "दोन वर्षं आली नाही, आता कशाला येईल." मला सगळं ऐकू येत होतं.

पाचव्या सकाळी कामावर जायच्या आधी दादा परसात आंघोळीचं पाणी काढत होता. बंब पेटलेला होता. मी दात घासत होते. आधी तो ओरडला, माणूस ओरडतो तसं नाही. मग बंबाची तोटी उघडीच राहिली आणि तो खाली पडला. उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर पडत होतं.

वहिनी बाहेर आली आणि किंचाळली, "लागिर झालं! लागिर झालं वो!" काकू कांदा फोडून आणायला आत पळाल्या. मी तोटी बंद केली, त्याला ओढून बाजूला घेतलं, कुशीवर वळवलं, दोरीवरच्या परकराची घडी करून डोक्याखाली दिली आणि थांबले. तोंड पुसलं. माझे हात थरथरत नव्हते. थरथरायला हवे होते. वहिनीनं ते बघितलं.

झटके थांबले. तो घोरायला लागला. ती माझ्यासमोर उकिडवी बसली होती.

"तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. वन्सं नाही, तुमी नाही.

मी मान हलवली.

"आन् ते पानी?"

"पाण्याबरोबर गोळी होती."

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. रडत असेल असं मला वाटलं. ती रडत नव्हती. काकू कांदा घेऊन आल्या तेव्हा तिनं त्यांना विचारलं, "गोळी कवा द्यायची?"

काकू म्हणाल्या, "संध्याकाळी."

"मला सांगितलं असतं तर मीच दिली असती," वहिनी म्हणाली. एवढंच. मग ती जळलेल्या हाताला खोबरेल लावायला बसली.

तिचे वडील दोन दिवसांनी आले. आमच्या उंबऱ्याशी उभे राहिले, बसले नाहीत.

"बाई, तुमी म्हनाला, एक खाडा न्हाई."

आई म्हणाली, "नव्हता हो खरंच."

"व्हय," ते म्हणाले. "खरंच बोल्लात तुमी."

ते तिला न्यायला आले होते. पण परसात बापलेकींचं बोलणं झालं, ते मी ऐकलं. ती म्हणाली, येते. तेच म्हणाले, "यवून काय सांगायचं गावात? धाकटीचं बघतोय. इचारत्याल, थोरली का परत आली. जावयाला असं असं हाय म्हनलं की ती माणसं मागं फिरत्याल. तू ऱ्हा. आन् हे कुनाला बोलू नगंस." जातानाही त्यांचा फेटा तसाच पांढरा होता. चौकशीला आले होते त्या दिवशी ते मला फार मोठे वाटले होते.

दादाच्या हाताची तीन बोटं वाकडीच राहिली. कारखान्याच्या डॉक्टरनं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. लेथवरून काढून त्याला गोदामात बसवलं. वहिनीनं ट्रंकेची किल्ली सासूकडून मागून घेतली, बाटली बाहेर काढली आणि दारासमोरच्या फळीवर, घड्याळाशेजारी ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला पहिली तीच दिसायची. कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची, फिटीची गोळी हाय. आठ दिवसांत लोकांनी विचारणं सोडलं. ज्या गोष्टीला दोन घरं जीव मुठीत धरून जपत होती, तिच्यात आठ दिवसांपलीकडे कुणाला रस नव्हता. त्या घरात पुन्हा कधी भांडी पडल्याचा आवाज आला नाही.

माझ्याशी ती बोलत नव्हती. नळावर जागा द्यायची, पण बोलायची नाही. मीही माफी मागितली नाही. काय म्हणून मागणार? आईनं सांगितलं म्हणून गप्प बसले, हे कारण मला स्वतःलाच पटत नव्हतं. नळावर आई नव्हती, मी होते.

मी मॅट्रिक झाले. तळेगावचं एक स्थळ आलं. मुलाची आत्या चौकशीला आली, आणि चौकशी कुठं करणार? शेजारी. आई देवळात जाऊन बसली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पलीकडे वहिनीनं आत्याबाईंना पाट दिल्याचा आवाज आला.

"मुलगी कशी आहे?" आत्याबाईंनी विचारलं.

"कामाला चांगली. शिकल्याली हाय."

"स्वभाव?"

"पोटात ठिवती," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, मला ऐकू जावं इतका. "माज्या नवऱ्याचं दुखनं हिला ठावं व्हतं, मला न्हाई. रोज गोळी हिच्या हातची. आन् माज्यासंगं हसून बोलायची. माज्या बापाला चा दिला हिनं, साखर घालून. कुनाला कायबी कळू दिलं न्हाई."

पलीकडे पाट सरकल्याचा आवाज आला. मोडलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. कुणीतरी शेवटी उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला सगळं सांगितलं होतं.

मग आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे घरातली गोष्ट बाहेर जात नाही म्हणायची."

"मी काय म्हनते ते तुमाला कळलं न्हाई," वहिनी म्हणाली.

"कळलं, कळलं. आम्हाला अशीच मुलगी हवी होती."

आठ दिवसांत होकार आला. आई म्हणाली, शेजारीण मनानं मोठी निघाली. मी काही सांगितलं नाही.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं. फडताळाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "तुझी चौकशी आम्ही नीट केली होती. यात काय आहे ते माझ्या लेकालाही माहीत नाही. तूही बोलायचं नाहीस."

मी बरं म्हणाले. आत काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ घट्ट आहे का ते दातांनी ओढून पाहिलं.